काळोखातील कथा आणि कुटुंब : 'डार्क राइड' या कथनप्रकाराची समीक्षा

प्रस्तावना

मनोरंजन उद्यानांविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुतांशी वर्तमानपत्रांच्या पर्यटनविषयक पानांपुरते मर्यादित असते. तिकिटाचा दर, पोहोचण्याचा मार्ग, जेवणाची सोय आणि गर्दीचे दिवस एवढी माहिती दिली की विषय संपला असे मानले जाते. नाटक, चित्रपट, कीर्तन, तमाशा यांची समीक्षा करण्याची परंपरा आपल्याकडे समृद्ध आहे. परंतु उद्यानातील एखादा खेळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो ही कल्पना अद्याप अभ्यासकांच्या पचनी पडलेली नाही. आकाशपाळणा किंवा घसरगुंडी यांच्याबाबत ही उदासीनता समजण्यासारखी आहे. तथापि 'डार्क राइड' या नावाने ओळखला जाणारा प्रकार यांहून वेगळा आहे, कारण तो कथा सांगतो. बंदिस्त आणि काळोख्या वास्तूतून प्रेक्षकांना गाडीत, नावेत किंवा पाळण्यात बसवून फिरवायचे, ठराविक ठिकाणी ठराविक दृश्ये उजळायची आणि त्या दृश्यांच्या क्रमातून एक अनुभव घडवायचा, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. पात्रे, प्रसंग, नेपथ्य, ध्वनी आणि प्रकाशयोजना असलेल्या कोणत्याही कलाप्रकाराकडे ज्या गांभीर्याने आपण पाहतो, त्याच गांभीर्याने याकडेही पाहणे आवश्यक आहे.

या आवश्यकतेला एक व्यावहारिक बाजूही आहे. नांदेड, लातूर, किनवट, माहूर या भागातील शाळा-महाविद्यालयांच्या सहलींत अजिंठा-वेरूळ, रायगड यांच्या जोडीला हैदराबादजवळील रामोजी फिल्म सिटी आणि रायगड जिल्ह्यातील खोपोलीजवळचे इमॅजिका ही नावे आता घेतली जातात. नव्या पिढीला गोष्ट भेटते ती पुस्तकात आणि पडद्यावर, तशीच अशा काळोख्या दालनांतूनही. ती गोष्ट चांगली की सुमार, हे ठरवण्याचे निकष मात्र आपल्याजवळ नाहीत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, कौटुंबिक डार्क राइडचे मूल्य तिच्या वेगावर वा भीतीवर अवलंबून नसते; ती प्रेक्षकाच्या दृष्टीला काय दाखवते, काय राखून ठेवते आणि हे दाखवणे-राखणे एकाच गाडीत बसलेल्या तीन पिढ्यांना कसे उमगते, यावर ते अवलंबून असते. या निकषासाठी परदेशी ग्रंथांचा आधार घ्यावाच लागतो असे नाही. माहूरच्या रेणुकेची आख्यायिका आणि तिच्या उपासनेतील गोंधळ यांतही हा निकष सापडतो, हे दाखवण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

पूर्वपीठिका

काळोखात बसून चित्रमय कथा पाहण्याचा अनुभव महाराष्ट्राला चित्रपटाच्याही आधीपासून परिचित आहे. कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने चित्रदीपाचे प्रयोग सुरू केले. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर टाकून, त्यांना हालचालीचा आभास देऊन, निवेदन आणि संगीत यांच्या साथीने पौराणिक कथा सांगण्याचा तो उपक्रम होता. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या या परंपराही याच जातकुळीतल्या. यांतील चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ तर काळोख आणि दिवा यांच्याशिवाय होऊच शकत नाही. या सर्व प्रकारांत प्रेक्षक एका जागी बसतो आणि चित्रे त्याच्यासमोरून जातात. डार्क राइडने हा संबंध उलटा केला. तिच्यात चित्रे जागेवर राहतात आणि प्रेक्षक त्यांच्यासमोरून जातो.

पाश्चात्त्य देशांत या प्रकाराची बीजे विसाव्या शतकाच्या प्रारंभी दिसतात. अमेरिकेतील बफेलो येथे १९०१ साली भरलेल्या प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्प्सन यांनी 'अ ट्रिप टू द मून' हा खेळ सादर केला. प्रेक्षकांना एका यानात बसवून चंद्रावर नेल्याचा आभास त्यात निर्माण केला जात असे. पुढे १९२८ च्या सुमारास लिऑन कॅसिडी यांनी एकाच रुळावरून, नागमोडी वळणे घेत अंधारातून जाणारी छोटी गाडी प्रचारात आणली. तिचा भर अचानक समोर येणाऱ्या आकृत्यांवर आणि आवाजांवर होता. जत्रेतील भूतबंगल्याशी तिचे नाते जवळचे आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले आणि या प्रकाराला कथेची बैठक मिळाली. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही नावेतून होणारी सफर १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी तयार झाली. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' १९६७ मध्ये, तर 'हाँटेड मॅन्शन' १९६९ मध्ये डिस्नेलँडमध्ये खुली झाली.

यांपैकी 'हाँटेड मॅन्शन'मधील एक तांत्रिक योजना समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्यातील आसने एका अखंड साखळीत पुढे सरकतात आणि प्रवासादरम्यान ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या दिशेला वळतात. आसनाच्या उंच पाठीमुळे आणि बाजूंमुळे प्रेक्षकाला मागचे दिसत नाही. चित्रपटात दिग्दर्शक जे काम कॅमेऱ्याकडून करून घेतो ते येथे आसन करते. प्रेक्षकाची मान कोणत्या क्षणी कोणीकडे असेल हे रचनाकाराने आधीच ठरवलेले असते. डार्क राइड ही मूलतः दृष्टीच्या नियमनाची कला आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

डिस्नेलँडमधील दुसरे उदाहरणही उद्बोधक आहे. १९५५ साली तेथे 'स्नो व्हाइट'च्या कथेवर जी सफर होती तिच्यात स्नो व्हाइट हे पात्र जवळजवळ दिसतच नसे. गाडीत बसलेला प्रेक्षक हाच स्नो व्हाइट आहे, जे तिने पाहिले ते तो पाहत आहे, अशी रचनाकारांची कल्पना होती. प्रेक्षकांना मात्र ती कल्पना उमगली नाही. नायिका कोठे आहे असा प्रश्न त्यांना पडत राहिला. अखेर १९८३ च्या नूतनीकरणात तिची आकृती बसविण्यात आली. न दाखवण्यात कला असते हे खरे. पण काय दाखवलेले नाही आणि ते का, याची खूण प्रेक्षकाला मिळाली पाहिजे, हा या घटनेचा बोध आहे.

प्रचलित मतांचे स्वरूप

एखादी नवी कौटुंबिक डार्क राइड सुरू झाली की तिच्याविषयी जी मते व्यक्त होतात त्यांचे साधारणपणे तीन गट पाडता येतात. पहिला गट थराराचा. 'त्यात विशेष काही नाही, ती लहान मुलांची आहे' हे मत रोलर कोस्टरच्या अपेक्षेने आलेला तरुण वर्ग देतो. दुसरा गट सोयीचा. 'आजी-आजोबांनाही बसता येते, मुले घाबरत नाहीत, उन्हातून आल्यावर गारवा मिळतो' असे पालक म्हणतात. तिसरा गट हिशेबाचा. रांगेत किती वेळ उभे राहावे लागले, आत किती मिनिटे मिळाली आणि तिकिटाच्या मानाने ते पुरेसे होते का, हा त्याचा विषय.

ही तिन्ही मते आपापल्या जागी रास्त आहेत. मर्यादित उत्पन्नात सहलीचे पैसे बाजूला टाकणाऱ्या कुटुंबाला हिशेब करण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्या हिशेबाची टिंगल करणे समीक्षकाला शोभणारे नाही. परंतु तिन्ही मतांत एका गोष्टीचा अभाव जाणवतो. आत काय सांगितले गेले, याविषयी कोणी बोलत नाही. नाटक पाहून आलेला माणूस केवळ खुर्ची आरामशीर होती एवढेच सांगत असेल, तर नाटकात काही उणे असले पाहिजे किंवा नाटकाविषयी बोलण्याची त्याची सवय सुटलेली असली पाहिजे. डार्क राइडच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी काही प्रमाणात खऱ्या आहेत.

'कौटुंबिक' या विशेषणाचा अर्थही तपासून घेतला पाहिजे. उद्यानांच्या व्यवहारात कौटुंबिक म्हणजे ज्यात उंचीची वा प्रकृतीची अट सौम्य आहे असा खेळ. हा अर्थ नकारात्मक आहे. कोणाला वगळलेले नाही एवढेच तो सांगतो. नेदरलँड्समधील एफ्टेलिंग उद्यानात २०१७ साली सुरू झालेल्या 'सिम्बोलिका' या राइडमध्ये याहून पुढचे पाऊल टाकलेले दिसते. तेथे रुळांशिवाय चालणाऱ्या गाड्यांतून राजवाड्याची सफर घडते आणि संगीत, खजिना व पराक्रम अशा तीन वाटांपैकी एक निवडण्याची मुभा प्रेक्षकांना असते. एकाच घरातील दोघे वेगवेगळ्या वाटांनी गेले तर बाहेर आल्यावर एकमेकांना विचारण्यासारखे काही उरते. भीतीचा अंश तिच्यात अत्यल्प असल्याने ती फार मृदू वाटण्याचा संभव आहे. तरीही कुटुंबाला एकत्र बसवण्यापेक्षा कुटुंबाला बोलते करणे हा 'कौटुंबिक' या शब्दाचा अधिक भरीव अर्थ आहे, हे तिच्यावरून ध्यानात येते.

इमॅजिका : दोन उदाहरणे

महाराष्ट्रातील उदाहरण म्हणून इमॅजिकाचा विचार क्रमप्राप्त आहे. चित्रपट व्यवसायातील मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने एप्रिल २०१३ मध्ये हे उद्यान 'अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका' या नावाने सुरू झाले. २०२२ मध्ये त्याची मालकी संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आली. मुंबईत गोराई येथे १९८९ साली सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डने यंत्रचलित खेळांची ओळख एका पिढीला करून दिली होती. इमॅजिकाने त्यापुढे जाऊन कथासूत्र असलेल्या बंदिस्त राइडना उद्यानाच्या केंद्रस्थानी आणले. 'मिस्टर इंडिया' या १९८७ च्या चित्रपटावर आधारलेली हलत्या आसनांची राइड, भारतावरून उड्डाण केल्याचा आभास देणारी 'आय फॉर इंडिया', भयाच्या अंगाने जाणारा 'सलीमगढ', नावेतून होणारी 'राजासौरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर' आणि 'अलीबाबा और चालीस चोर' ही त्याची उदाहरणे होत. यांपैकी शेवटच्या दोहोंचा येथे विशेष विचार केला आहे.

'अलीबाबा और चालीस चोर' ही परस्परसंवादी डार्क राइड आहे. गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या हाती खेळण्यातील बंदूक असते. वाटेत दिसणाऱ्या लक्ष्यांवर नेम धरायचा आणि गुण मिळवायचे अशी तिची रचना आहे. या रचनेचे गुण नाकारता येणार नाहीत. नातवाने आजोबांपेक्षा अधिक गुण मिळवले की गाडीत हशा पिकतो. पुन्हा बसण्याची इच्छा होते. तथापि कथनाच्या अंगाने पाहिले असता येथे एक मूलभूत विसंगती आढळते. अलीबाबाच्या कथेचा प्राण नेमबाजीत नाही. गरीब लाकूडतोड्या झाडावर लपून चोरांचा परवलीचा शब्द ऐकतो आणि गुहा उघडते. पुढे त्याचा लोभी भाऊ गुहेत शिरतो पण बाहेर पडताना तोच शब्द विसरतो. अखेरीस मर्जिना या दासीच्या चतुराईने घर वाचते. ऐकणे, आठवणे आणि ओळखणे या तीन क्रियांवर ही कथा उभी आहे. काळोखी गुहा, तिचे दार आणि एक शब्द यांहून अनुकूल सामग्री डार्क राइडला कोणती मिळणार? परंतु हाती बंदूक आली की डोळा लक्ष्याच्या ठिपक्यावर खिळतो. सभोवतीचे नेपथ्य, पात्रांची हालचाल, प्रसंगाचा क्रम हे सारे त्या ठिपक्यामागे धूसर होते. राइडमधून बाहेर आलेले मूल आपले गुण सांगते, गोष्ट सांगत नाही. समजा, गाडीतील सर्वांनी मिळून परवलीचा शब्द उच्चारल्याखेरीज दार उघडणार नाही अशी योजना केली आणि बाहेर पडताना तो पुन्हा आठवावा लागला, तर सहभागही साधला असता आणि कथाही. आजीला नेम धरता येत नसला तरी शब्द लक्षात ठेवण्यात ती नातवाला हरवू शकते.

'राजासौरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर' या राइडमध्ये नावेतून काळोख्या गुहेत प्रवेश होतो, यंत्रचलित डायनासोर भेटतात आणि शेवटी नाव उतारावरून वेगाने खाली येऊन पाण्याचे तुषार उडतात. या राइडचे नाव काल्पनिक नाही. 'राजासौरस नर्मदेन्सिस' हे गुजरातमधील राहिओली येथे सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ साली शास्त्रीय नाव मिळालेल्या मांसाहारी डायनासोरचे आहे. त्याच्या डोक्यावर शिंगासारखा उंचवटा होता. क्रेटेशियस कालखंडाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी, तो या भूमीवर वावरत होता. ज्या 'लामेटा' खडकांत त्याचे अवशेष मिळाले तेच खडक विदर्भातही आढळतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा आणि डोंगरगाव ही ठिकाणे डायनासोरच्या जीवाश्मांसाठी अभ्यासकांना परिचित आहेत. माहूरपासून ही भूमी फार दूर नाही. याच सुमारास दख्खनचा पठारी खडक ज्या लाव्ह्यापासून बनला त्याचे थर पसरू लागले होते.

एवढी विलक्षण सत्यकथा हाताशी असता, विदेशी चित्रपटांनी रूढ केलेला 'गर्जना करणारा अक्राळविक्राळ प्राणी' हाच साचा पुन्हा वापरला जावा, हे खेदजनक आहे. राइडचा शेवट पाण्याच्या उसळीने होतो. ती उसळी आनंददायी असते, पण तिचा डायनासोरशी कार्यकारण संबंध कोणता, याचे उत्तर कथेत मिळत नाही. आधीच्या प्रसंगांनी जे रचले ते शरीराला बसलेला हिसका पुसून टाकतो. बाहेर येणाऱ्या कुटुंबाच्या बोलण्यात कपडे किती भिजले हाच विषय असेल तर दोष कुटुंबाचा नाही. शेवटच्या क्षणावर राइडने कशाचा ठसा उमटवला, त्याचेच ते प्रतिबिंब असते.

दोन्ही राइडमधील उणीव एकच आहे. अलीबाबात दृष्टी ठिपक्यावर बांधली जाते आणि राजासौरसात ती अखेर मिटते, कारण पाणी अंगावर येताना डोळे मिटतातच. दृष्टीचे नियमन ही ज्या कलेची मुख्य शक्ती, तिनेच दृष्टी वाया घालवावी असा हा प्रकार आहे.

माहूरची आख्यायिका : न पाहण्याची अट

या ठिकाणी माहूरच्या आख्यायिकेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. माहूरचे रेणुकास्थान महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ मानले जाते. सहस्रार्जुनाने जमदग्नींचा वध केल्यानंतर परशुराम पित्याचा देह आणि माता रेणुका यांना कावडीत घेऊन कोऱ्या भूमीच्या शोधात निघाला व माहूरला पोहोचला. दत्तात्रेयांच्या मार्गदर्शनाखाली तेथे अंत्यविधी झाले आणि रेणुका सती गेली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. पुढे मातृवियोगाने व्याकूळ झालेल्या परशुरामाला आकाशवाणीने आश्वासन दिले की तुझी माता भूमीतून प्रकट होईल, मात्र तू मागे वळून पाहू नकोस. परशुरामाला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले तेव्हा केवळ मुख भूमीबाहेर आले होते. म्हणून माहूरला देवीच्या मुखाचा तांदळाच पूजिला जातो.

श्रद्धेचा विषय म्हणून या कथेचे जे स्थान आहे ते अबाधित ठेवून, कथनाच्या अंगाने तिचा विचार करता येतो. पाहणे ही येथे निष्क्रिय क्रिया नाही. पाहणाऱ्याच्या उतावीळपणाने दृश्याचे स्वरूप ठरले. जे दिसले ते अपूर्ण राहिले, आणि त्या अपूर्णतेतच पुत्राच्या ओढीची साक्ष उरली. सर्वांगाने प्रकटलेल्या मूर्तीला ही साक्ष देता आली नसती. जे दिसत नाही ते भक्ताच्या मनात पूर्ण होते, आणि का दिसत नाही हे त्याला ठाऊक असते. स्नो व्हाइटच्या राइडमध्ये जी खूण प्रेक्षकाला मिळाली नव्हती ती येथे कथेनेच दिलेली आहे.

डार्क राइडच्या प्रेक्षकालाही मागे वळून पाहता येत नाही. आसन त्याला तसे करू देत नाही. ही सक्ती केवळ यांत्रिक राहिली तर तिला अर्थ नाही. मात्र आपल्या मागे काहीतरी घडत आहे, ते आपल्याला दिसणार नाही आणि तरीही ते आपलेच आहे, ही जाणीव निर्माण झाली तर काळोख सार्थ होतो. उत्तम रचनाकार काळोखाचा उपयोग यंत्रे लपवण्यासाठी करतो तसाच कथेतील न दाखवण्याजोगे राखण्यासाठीही करतो. सुमार रचनाकाराला काळोखाचा पहिला उपयोगच तेवढा ठाऊक असतो.

गोंधळ : तीन पिढ्यांचा काळोख

कौटुंबिकतेचा निकषही याच परंपरेत सापडतो. रेणुका आणि तुळजाभवानी यांच्या उपासनेत गोंधळाला महत्त्वाचे स्थान आहे. माहूरच्या रेणुकेशी नाते सांगणारे रेणुराई आणि तुळजाभवानीशी नाते सांगणारे कदमराई असे गोंधळ्यांचे दोन पंथ प्रसिद्ध आहेत. लग्नानंतर वा अन्य कुलाचाराच्या निमित्ताने घराच्या अंगणात रात्री गोंधळ घातला जातो. संबळ आणि तुणतुणे यांची साथ, दिवटीचा उजेड, देवतांना आवाहन आणि त्यानंतर आख्यान, असा त्याचा सर्वसाधारण क्रम आहे. नायक कथा सांगतो आणि त्याचा साथीदार मध्येच भाबडे वा खोडकर प्रश्न विचारून ती अडवतो.

या साथीदाराचे कार्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच्या प्रश्नावर मुले हसतात. नायकाच्या उत्तरातील व्यावहारिक शहाणपण मोठ्यांना पटते. त्याच उत्तरातील कुलाचाराचा संदर्भ वृद्धांना ओळखीचा वाटतो. एकच प्रसंग तीन वयांना तीन पातळ्यांवर भेटतो. लहानांसाठी मजकूर पातळ करावा लागत नाही आणि मोठ्यांसाठी वेगळी बैठक घालावी लागत नाही. दिवटीच्या उजेडात जेवढे दिसते तेवढेच दिसते. बाकीचे शब्दाने आणि संबळाने पुरे होते. झोपी गेलेले मूल जागे झाल्यावर आईला पुढे काय झाले ते विचारते आणि कथा दुसऱ्या दिवशीही चालू राहते. 'कौटुंबिक' या शब्दाला यापेक्षा नेमका अर्थ क्वचितच देता येईल.

गोंधळ आणि उद्यानातील राइड यांची तुलना काहींना अप्रस्तुत वाटेल. एक विधी आहे, दुसरा व्यवसाय. गोंधळात देवता आवाहित असते, राइडमध्ये तिकीट काढलेले असते. हा भेद मूलभूत आहे आणि तो पुसून टाकण्याचा येथे हेतू नाही. तुलना आहे ती केवळ कथनाच्या कारागिरीची. गोंधळ्याजवळ जी साधने होती त्यांच्या कितीतरी पट साधने आजच्या रचनाकाराजवळ आहेत. असे असूनही घरातील सर्वांना एकाच वेळी गुंतवून ठेवण्याचे कसब त्याने या परंपरेकडून घेतलेले दिसत नाही.

तीर्थक्षेत्र आणि कथा-उद्यान

या विवेचनातून एक धोकादायक निष्कर्ष काढला जाण्याची शक्यता आहे. परदेशी कथांऐवजी आपल्या कथा घेतल्या की राइड आपोआप चांगली होईल, आणि मग माहूरच्या गडाखालीही अशी एखादी काळोखी सफर उभारावी, असे कोणी सुचवू शकेल. इतिहासाच्या क्षेत्रात असे प्रयत्न सुरू झालेले आहेत. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतील पुण्याजवळच्या आंबेगाव येथील शिवसृष्टीच्या 'सरकारवाडा' या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. तेथे आधुनिक दृक्‌श्राव्य तंत्राच्या साहाय्याने शिवकाल उभा करण्याचा प्रयत्न आहे. विदर्भात शेगावच्या गजानन महाराज संस्थानाने उभारलेल्या आनंदसागरने तीर्थयात्रा आणि कौटुंबिक सहल यांची सांगड घालता येते हे दाखवून दिले होते. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. परंतु इतिहासातील प्रसंग दाखवणे आणि उपासनेतील रहस्य दाखवणे यांत अंतर आहे.

माहूरच्या कथेचे संपूर्ण सामर्थ्य न दिसलेल्या भागात आहे. उद्या एखाद्या राइडने प्रकाशझोतात आणि यांत्रिक हालचालींत देवीचे भूमीतून प्रकट होणे दाखवले, तर ज्या अटीवर ती कथा उभी आहे तीच अट मोडली जाईल. परशुरामाने वळून पाहिले ते मातेच्या ओढीने; प्रेक्षकाला वळवले जाईल ते आसनाच्या यंत्रणेने. या दोन वळण्यांत जे अंतर आहे ते कोणतेही तंत्र भरून काढू शकणार नाही. माहूरला नवरात्रात आणि दत्तजयंतीला येणारे कुटुंब रेणुका, अनसूया आणि दत्तशिखर अशी स्थाने चढून-उतरून जोडते; आजी थकते, मूल कडेवर येते, रांगेत आख्यायिका पुन्हा सांगितली जाते. ही सफर पायांनी होते आणि तिचा वेग कुटुंबातील सर्वांत संथ माणूस ठरवतो. म्हणून माहूरकडून उद्यानांनी घ्यावयाचे ते कथानक नव्हे, कथनाची शिस्त. कोठे थांबावे, काय झाकावे आणि कोणासाठी सावकाश चालावे, ही ती शिस्त होय. अलीबाबाच्या गुहेला आणि राजासौरसच्या नदीलाही ती उपयोगी पडेल.

भाषेचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. महाराष्ट्राच्या भूमीवरील या उद्यानातील वर उल्लेखिलेल्या राइडची नावे इंग्रजी वा हिंदी आहेत. देशभरातून प्रेक्षक यावेत ही व्यावसायिक गरज समजू शकते. परंतु काळोखात जेव्हा दृश्य कमी आणि शब्द अधिक असतो, तेव्हा तो शब्द आजीला कळणारा असावा ही अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही. शब्द कळला नाही की आजी प्रेक्षक राहत नाही. ती केवळ सोबतीला आलेली होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून कौटुंबिक डार्क राइडच्या मूल्यमापनासाठी चार प्रश्न निश्चित करता येतील. पहिला, काळोखाचा उपयोग यंत्रे झाकण्यापलीकडे कथेसाठी केला आहे काय? दुसरा, प्रेक्षकाच्या हातांना दिलेले काम त्याच्या दृष्टीला कथेकडे नेते की कथेपासून दूर? तिसरा, शेवट आधीच्या प्रसंगांतून उद्भवतो की केवळ शरीराला हिसका देऊन थांबतो? चौथा, बाहेर आल्यावर घरातील तिन्ही पिढ्यांजवळ एकमेकांना सांगण्यासारखे काही उरते काय? थरार, सोय आणि हिशेब यांवर आधारलेली मते या प्रश्नांच्या जोडीला राहतील, त्यांची जागा घेणार नाहीत.

महाविद्यालयीन अध्यापकांना या बाबतीत काही करणे सहज शक्य आहे. सहलीनंतर विद्यार्थ्यांकडून जो वृत्तान्त लिहून घेतला जातो तो बहुधा 'खूप मजा आली' या वाक्याने सुरू होतो आणि त्याच वाक्याशी थांबतो. भाषा, इतिहास, भूगर्भशास्त्र आणि वाणिज्य या विषयांच्या अध्यापकांनी मिळून विद्यार्थ्यांना हे चार प्रश्न दिले, तर अलीबाबाची मूळ कथा वाचली जाईल, राजासौरसचे खडक नकाशावर शोधले जातील, तिकिटाचा हिशेब मांडला जाईल आणि एखादा विद्यार्थी आपल्या आजीला गोंधळातील आख्यान विचारील. आंतरविद्याशाखीय अध्ययनाची याहून स्वस्त आणि आनंददायी संधी ग्रामीण भागातील महाविद्यालयाला क्वचितच मिळते.

उद्यानांचे रचनाकार प्रेक्षकांच्या मागणीप्रमाणे चालतात. प्रेक्षकांनी वेग मागितला तर वेग मिळेल, भीती मागितली तर भीती. गोष्ट मागणारा प्रेक्षक तयार करणे हे मात्र शिक्षणाचे काम आहे आणि ते उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी न होता वर्गातच व्हावे लागेल.